रिपोर्ट चांगला आला तरी जायचंच

बायोप्सीत सीआयएन-३ निघालं, म्हणजे कर्करोग नाही, पण पुढे तो होऊ शकेल असे पेशींतले गंभीर बदल, आणि मिरजेत माझ्या गर्भाशयाच्या तोंडाचा तेवढा भाग 'लीप' करून, म्हणजे विजेच्या तारेच्या फासाने, काढला. तेव्हापासून घरात एकच विचारणा, "झालं ना आता सगळं? मग परत कशाला जायचं?"

जायचं, कारण एकदा असा रिपोर्ट आलेल्या बाईचं वेळापत्रक चारचौघींपेक्षा वेगळं असतं. सरकारी आरोग्य केंद्रात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी ५ वर्षांनी करायची असते, ती ज्यांचं सगळं ठीक आहे त्यांची. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं: ६ महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट (हे बदल ज्या विषाणूमुळे होतात त्याची तपासणी), मग दरवर्षी. लागोपाठ ३ चांगल्या आल्या की दर ३ वर्षांनी, आणि हे किमान २५ वर्षं. मी ४४ ची आहे, म्हणजे सत्तरीच्या घरात जाईपर्यंत. काही ठिकाणी उपचारानंतर पहिल्यांदा १२ महिन्यांनी बोलावतात, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पण बोलावतात सगळीकडेच.

माझ्या मावसबहिणीचं उलटं झालं. कोल्पोस्कोपीनंतर, म्हणजे भिंगातून गर्भाशयाचं तोंड तपासल्यावर, तिचं सीआयएन-१, म्हणजे सौम्य बदल, निघालं आणि काही औषध न देता "वर्षाने या" म्हणून घरी पाठवलं. ती तासगावला रडतच गेली, आपल्याकडे कुणी लक्षच दिलं नाही म्हणून. मी तिला फोनवर समजावलं की बहुतेकींचं शरीर हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत स्वतःच घालवतं आणि असे सौम्य बदलही त्याबरोबर बहुधा निवळतात. उगाच कापाकापी कशाला? मात्र विषाणू ठाण मांडून बसलाय का, ते वर्षाने बघावंच लागतं. द्राक्षाचा हंगाम आहे, पाहुणे आलेत, ही कारणं तिथे चालत नाहीत.

कोल्पोस्कोपीच्या वेळी स्क्रीन माझ्याकडे वळवली होती. ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावला आणि थोड्याच वेळात गुलाबी जागेवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा चट्टा उठला, बदललेल्या पेशी अशा पांढऱ्या दिसतात. मला ना कधी दुखलं होतं, ना अंगावरून जास्त गेलं होतं. ते बघितल्यापासून "त्रास नाही तर कशाला जायचं" हे वाक्य मला ऐकवत नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाक की, कटकट मिटेल." आपल्याकडे हा सल्ला फार सहज देतात आणि मला त्याचा राग येतो. सीआयएन-२ किंवा ३ होऊन गेलं असेल तर पिशवी काढल्यावरही योनीच्या वरच्या टोकाचा नमुना वर्षानुवर्षं तपासावा लागतो, कारण हाच विषाणू तिथेही राहू शकतो. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची पिशवी कधीच काढलीय, पण कशासाठी काढली ते त्यांना नीट माहीत नाही. आता आम्ही त्यांचे जुने कागद शोधतोय. बायोप्सीचा रिपोर्ट सापडला तर माझ्या पुढच्या तारखेला त्यांनाही बरोबर नेणार आहे.