वहीतलं येणं

वेंगुर्ले, रविवार, रात्री साडेनऊ.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय घेतला. राजाने चाकराचं दहा हजार तालांतांचं, जन्मात न फिटणारं कर्ज सोडलं आणि त्याच चाकराने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नव्हे! येशूने ते देणं खोटं म्हटलेलं नाही, हे माझ्या आजच लक्षात आलं.

दादाकडचं माझं येणंही खरंच आहे. बाबा गेल्यावर आंब्याच्या 14 कलमांचं उत्पन्न त्याने एकट्याने घेतलं. "लगीन झाला तुझा, आता कसलो वाटो?" वहिनीसमोर, दारात उभं ठेवून बोलला. त्याला सहा वर्षं झाली. बाबांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मी दर मोसमाचा हिशेब लिहीत आले. पेट्या किती गेल्या, वाशीला भाव काय लागला, त्यातले माझे किती. घरात आलेला हापूसही गोड लागेना. इब्री लोकांस पत्रात (12:15) म्हटलंय, कडूपणाचं मूळ वाढलं की पुष्कळजण त्याने विटाळतात. माझं मूळ लेकीपर्यंत पोचलं होतं. मामाचं नाव निघालं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." सोडले आहे! सहा वर्षं प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ मी घाईघाईने उरकत आले.

दुपारी वही काढली. उद्या वाटणीचे कागद झाले तर माझा हिस्सा मी मागेन, त्यात मला पाप वाटत नाही. पण या सहा मोसमांच्या प्रत्येक पानाखाली रेघ ओढून 'सोडलं' असं लिहिलं. चौथ्या पानावर हात अडला. त्या वर्षी लेकीच्या फीसाठी बांगड्या गहाण टाकल्या होत्या. खूप रडले. "प्रभू, हे तूच लिहून घे," म्हटलं आणि लिहिलं.

संध्याकाळी फोन लावला. दादाने उचलला, पण बोलेना.

"सोलां सुकली काय रे?" कोकमाचं विचारलं, मला एवढंच सुचलं.

"अजून दोन दिसांचा ऊन व्हया," तो म्हणाला. मग हळूच, "चेडू बरा मा?"

लेक शेजारीच उभी होती. फोन तिच्याकडे दिला.