नगर ते हरेगाव: मतमाउलीच्या वाटेवर

नगरहून हरेगावला पायी जायचे तर तीन दिवस धरावेत. पहिल्या दिवशी विळद घाट उतरून देहऱ्याच्या पुढे, दुसऱ्या दिवशी राहुरी, तिसऱ्या दिवशी देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर करत संत तेरेजा चर्चच्या आवारात. 8 सप्टेंबर हा मारियामातेचा, म्हणजेच मतमाउलीचा, जन्मदिवस. त्याला धरून यात्रा भरते आणि आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नेमाची प्रार्थना, चालते.

आम्ही पहाटे चारला निघतो. मनमाड रस्त्यावर ट्रक फार, म्हणून उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालायचे. पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगावर चमकणारी पट्टी हवीच. गळीत हंगाम सुरू झालेला नसतो, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांचा त्रास नाही. त्रास असतो तो काळ्या मातीचा. रस्त्याच्या कडेला पाय पडला की चपलेला किलोभर चिखल चिकटतो. ओले सुती मोजे घालून चालणाऱ्याच्या बोटांमध्ये दुपारपर्यंत फोड आलाच म्हणून समजा. पट्ट्यांची सँडल बरी, निघताना बोटांना व्हॅसलीन चोळावे. फोड आलाच तर वरची कातडी सोलायची नाही. सुई उकळून कडेला टोचायचे, पाणी काढायचे आणि कोरडी पट्टी बांधायची.

एका जपमाळेत दहा-दहा मण्यांची पाच दशके आणि सुरुवातीचे तीन मणी, म्हणजे सगळे मिळून 53 वेळा 'नमो मरिया'. मोठ्याने म्हणत चालले की वीसेक मिनिटे लागतात आणि दीड किलोमीटर मागे पडतो. मणी घामाने निसटतात, म्हणून माळ मनगटाला एक वेढा देऊन धरावी. तीन माळा झाल्या की दहा मिनिटे बसायचे. या बसण्यात बोलणे होते, आणि ते फिरून एकाच ठिकाणी येते: आपल्या गावातली अमुक घरे ख्रिस्ती का झाली, आणि तमुक घरे सोडून का गेली?

राहुरी जवळ येऊ लागली की उत्तराचा एक धागा हाती लागतो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने हातात ठेवलेला नवा करार आणि त्यातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन, तिथून सुरुवात झाली. लक्ष्मीबाई मात्र नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या दुरावल्या, सोवळे सांभाळत राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला हे आतून पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा 1900 साली, इथे राहुरीत. ही मधली पाच वर्षे मला बाप्तिस्म्याइतकीच मोलाची वाटतात. पुढे 1917 मध्ये टिळक मिशनमधून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्त सोडला नाही, मिशनची चाकोरी सोडली. गेलेल्यांची नावे काढताना हा फरक ध्यानात ठेवावा.

गावोगावच्या महार-मांग वस्त्यांची गोष्ट वेगळी. 1876-78 च्या दुष्काळात मिशनने धान्य दिले, शाळा दिली, विटाळ न मानणारा हात दिला. जे निव्वळ धान्यासाठी आले त्यांना पाऊस पडल्यावर राहायचे कारण उरले नाही. जे माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीसाठी आले ते राहिले, पण चर्चमध्येही सोयरीक जातीतच जुळते हे दिसल्यावर त्यांच्या मुलांचे मन उडाले. याच रस्त्याने सरळ गेले की येवला लागते. बाबासाहेबांनी 1935 साली तिथे धर्म सोडण्याचे जाहीर केले. 1938 मध्ये सोलापुरात त्यांनी ख्रिस्ती लोकांना तोंडावर सुनावले की अन्यायाविरुद्ध तुम्ही लढत नाही. ते ख्रिस्ती झाले नाहीत, 1956 ला बौद्ध झाले. तो ठपका खरा होता, आणि आम्ही तो अजून पुरता धुऊन काढलेला नाही.

त्यात 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश. त्यातून मिळणाऱ्या आरक्षणासारख्या सवलती आधी जवळजवळ फक्त हिंदूंना, 1956 पासून शिखांना, 1990 पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाहीत. मग कागदावर एक धर्म, रविवारी दुसरा. अशा घराला खोटे म्हणू नये. पोराच्या कॉलेजची फी भरायची असते.

नव्याने येणाऱ्याचे कुठे बिघडते, तेही सांगतो. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढाला बाप्तिस्म्याआधी साधारण वर्षभर शिकवण असते. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी निवड होते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी पारखविधी, म्हणजे मन शुद्ध व्हावे म्हणून प्रार्थना, आणि पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार), कम्युनियन (प्रभुभोजन) एकत्र. नवस फळला म्हणून, नाहीतर लग्न ठरले म्हणून हे वर्ष दोन महिन्यांत गुंडाळले की पुढच्या आजारपणात माणूस दुसऱ्या दारात जातो. सगळ्यात मोठी चूक बाप्तिस्म्यानंतर होते. त्या रात्री मेणबत्ती हातात दिली, फोटो काढला, आणि पुढच्या रविवारी शेजारी बसायला कुणी नाही. भाऊबंदांनी वाळीत टाकलेल्या माणसाला मयतीला खांदा देणारे चारजण कोण, हे आधी ठरलेले हवे. मी तर म्हणेन, ती चार नावे तयार असल्याशिवाय तारीख काढूच नये.

हरेगावात पोचतो तेव्हा मतमाउलीच्या दर्शनाची रांग मैदानाबाहेर गेलेली असते. रांगेतले कितीतरी जण ख्रिस्ती नसतात. नारळ, मेणबत्ती, लेकराच्या नावाचा नवस. त्यांच्या हातात पत्रके कोंबायची नाहीत, हा आमच्या दिंडीचा नियम आहे. कुणी आपणहून विचारले तर बोलायचे आणि त्याच्या गावाचे नाव विचारून घ्यायचे. परतीच्या वाटेवर ते गाव लागत असेल तर पाणी प्यायला आम्ही तिथेच थांबतो.