बंड्याची चाल

आमचा बंड्या लॅब्रेडॉर, वय १३. मागच्या दोन्ही खुब्यांना संधिवात. डॉक्टर म्हणाले, बसवून ठेवू नका. स्नायू आटले की सांध्यांवर भार आणखी वाढतो. म्हणून लांब फेरी बंद, त्याऐवजी छोट्या छोट्या चकरा, त्याही त्याच्या चालीनं. कोपऱ्यावरचा विजेचा खांब साग्रसंगीत हुंगून झाल्याशिवाय स्वारी हलत नाही. हुंगू दे की, घाई कुणाला आहे?

खरा वैरी म्हणजे घरातली गुळगुळीत फरशी. मागचे पाय फाकायचे आणि बिचारा बसकण मारायचा. आता हॉलपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पायपुसण्यांची वाट केलीय. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापतो, ते वाढले की पकड सुटते. जिन्यावर आईची जुनी सुती साडी कामाला येते: चौपदरी घडी पोटाखालून घ्यायची, दोन्ही टोकं आपल्या हातात. उचलायचं नाही, नुसता आधार. (कुत्रा नर असेल तर घडी जरा पुढे धरा, नाहीतर शू करताना पंचाईत.)

दुखणं कमी करायला माणसांची आयबुप्रोफेनची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती घातक.

राहिलं वजन. शेजारच्या काकू लपूनछपून पोळी भरवतात. म्हटलं, काकू, द्यायचंच तर काकडी द्या. आता पोळीत गुंडाळून काकडी देतात.