पुढच्या चाकातून आवाज येतोय? बेअरिंग मागवण्याआधी हे तपासा

जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर घ्यायची, आतल्या सीट काढून ओटा, पलंग, पाण्याची टाकी बसवायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, असे कॅम्परवाले आता कोकणात बरेच दिसतात. गाडी मूळची शाळेची नाहीतर ट्रॅव्हल्सची, वय दहा-पंधरा वर्षं. पुढून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला की पहिलं निदान ठरलेलं असतं: बेअरिंग गेलं. मग हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, उघडतात, नवं बेअरिंग बसतं आणि आवाज पुष्कळदा तसाच राहतो. किनाऱ्यावरच्या गाडीत आधी टायर, मग ब्रेक आणि हब सगळ्यात शेवटी, या क्रमाबद्दल मी हट्टी आहे. विनाकारण उघडलेल्या हबचं ऑईल सील वाया जातं. वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूचे चार कण ग्रीसमध्ये गेले, तर चांगलं बेअरिंगही काही दिवसांत खरोखर खराब होतं.

आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते आधी पक्कं करा. नेहमीच्या ट्रॅव्हलरला ताकद मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं फक्त फिरतात, वळतात आणि ब्रेक झेलतात. त्यामुळे तिच्या पुढच्या चाकात सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) वाजण्याचा प्रश्नच नाही. विंगरला मात्र ताकद पुढच्या चाकांना मिळते. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू रेस दिल्यावर टक-टक-टक असा आवाज आला, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट आधी बघायचा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असेल तर आणखी शोधाशोध नको. ट्रॅव्हलरमध्ये याउलट एक फसवणारी जागा आहे. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं, मधलं बेअरिंग गुरगुरायला लागलं की पत्र्यातून तो आवाज पुढे येतो आणि ड्रायव्हरला तो आपल्या पायाखालचा वाटतो.

आवाज ऐकण्याआधी घर गप्प करा. गॅसची टाकी पट्ट्याने आवळा, भांडी टॉवेलमध्ये गुंडाळा, ड्रॉवर कुलूपबंद करा, पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकामी करा. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर हेलकावे खातं आणि नेमकी तीच चाचणी बिघडवतं. चालवणारा एक आणि ऐकणारा दुसरा असावा.

चाचणीसाठी घाट नको. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचाच आवाज इतका असतो की बाकी काही कळत नाही. सड्यावरचा सरळ, मोकळा रस्ता उत्तम. ताशी ५० ते ६० किलोमीटरला गाडी आणा आणि क्लच पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकांचा नाहीतर शाफ्टचा. चावी बंद करून ही चाचणी कधीही करू नका. ब्रेकची व्हॅक्यूम मदत आणि असेल तर पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, शिवाय स्टिअरिंग लॉक बसण्याचा धोका वेगळाच.

त्यानंतर रस्ता बदलून बघा. मुंबई–गोवा महामार्गावर काँक्रीटचे पट्टे आहेत, गावातले रस्ते डांबरी आहेत. एकाच वेगात काँक्रीटवरून डांबरावर येताना आवाजाचा सूर बदलला, तर संशय टायरवर. बेअरिंगला रस्ता कोणता आहे याचं सोयरसुतक नसतं, ते वेग आणि वजन ओळखतं. टायरवर तळहात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखे दात लागले, तर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलेलं आहे. ठरावीक अंतरावर खड्डे-उंचवटे लागले, तर शॉक अब्सॉर्बर मेलेत किंवा चाक बॅलन्स नाही. पुढचे टायर मागे टाकून पुन्हा तोच रस्ता चालवा. आवाज मागे गेला तर प्रश्न सुटला. ज्या गाडीला मागे दुहेरी चाकं आहेत तिथे ही अदलाबदल विचारपूर्वक करा. जोडीतल्या दोन टायरांची उंची सारखी हवी.

कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, हे इथे विसरून चालत नाही. टायरच्या कडेला डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१८ असेल तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झाल्याने गरगरतो. पावसाळाभर एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला सपाट डाग पडतात. ते पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये गरम होऊन निघाले तर ठीक, नाही निघाले तर टायर गेला.

टक... टक... असा एकेरी आवाज आला तर चाकाचा एक फेरा म्हणजे किती अंतर ते मोजा. साधारण २.२ मीटर भरतं. ताशी १० किलोमीटरला सेकंदाला सव्वा फेरा होतो. टकटक त्याच चालीत असेल, तर आधी नक्षीत रुतलेली खडी शोधा, मग व्हील नट पान्याने तपासा. ढिला नट हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जीवघेणा दोष आहे.

आता ब्रेक. किनारपट्टीवरच्या गाडीत चाकाच्या आवाजाचं मूळ मला इथेच जास्त दिसतं. रात्री समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज येतो. पहिल्या काही ब्रेकांना खर्र होऊन तो निघून जातो, त्याची काळजी नको. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडले किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीत गाडी चढवताना भरतीच्या वेळी रॅम्पवर खारं पाणी असतं, ते थेट पुढच्या चाकांवर उडतं. तेच पाणी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिनमध्ये (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांमध्ये) सुकतं आणि पिन जाम होतात. मग ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. बारीक, एकसारखा घर्षणाचा आवाज येतो, एका बाजूची डिस्क जास्त तापते, गाडी किंचित त्या बाजूला ओढते. ब्रेकच्या पॅडलवर हलका पाय ठेवल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तर हब उघडायची घाई नको.

सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटचा भाग शक्यतो ब्रेक न लावता गिअरवर वेग कमी करत या, आणि लेसरवाल्या थर्मामीटरने दोन्ही पुढच्या हबचं आणि डिस्कचं तापमान घ्या. एकाच आकड्याला अर्थ नाही, डाव्या-उजव्यातला फरक बघा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतील तर ब्रेक अडकल्याचा संशय कमी होतो. एका बाजूला डिस्क फार तापलेली आणि हब त्यामानाने थंड, तर ब्रेक. हबचा मधला भागच तापलेला, तर बेअरिंग. हात लावून तापमान बघायचं असेल तर हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, थेट टेकवू नका.

ब्रेक अडकलेला सापडला तर आणखी एक फाटा फुटतो. चाक उचलून हाताने फिरवा, जड जात असेल तर कॅलिपरचा ब्लीडिंग निपल जरा सैल करा. थोडं ऑईल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता: रबरी होज आतून सुजलाय किंवा वर मास्टर सिलिंडरमध्ये गडबड आहे. निपल सोडूनही चाक जड राहिलं, तर पिस्टन किंवा पिन जाम. पिनला ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा अडकते. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे आपल्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलण्यात कंजुषी नको.

धातू घासल्याचा कर्कश आवाज अचानक सुरू झाला, आणि त्याआधी गाडी कच्च्या वाटेने गेली असेल, तर डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडी अडकलेली असते. पत्रा स्क्रूड्रायव्हरने जरा बाहेर ओढला की दगड पडतो. पाच मिनिटांचं काम.

खड्ड्यात किंवा गतिरोधकावर खाड् असा आवाज येत असेल तर तो फिरणाऱ्या भागाचा नाही. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, शॅकल, सैल यू बोल्ट, शॉकचं वरचं रबर, स्टॅबिलायझरची लिंक, या ओळीने बघा. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना करकर झाली तर किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ) कोरडी आहे. तिला ग्रीस देताना एक्सल उचलून चाक हवेत घ्या. वजन बसलेलं असताना ग्रीस खालच्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही.

इथपर्यंत काही सापडलं नाही, तरच बेअरिंग. रिकाम्या रस्त्यावर ताशी ४०–५० ला गाडी हलकी डावी-उजवी झुलवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगमध्ये हा नियम कधी उलटाही लागतो, म्हणून एवढ्यावरून भाग विकत घेऊ नका.

गाडी उचलताना मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जांभ्याच्या मातीत जॅक खाली जातो, त्याखाली जाड फळी हवी, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचाच. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (सैलपणा) गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा, विंगरमध्ये बॉल जॉइंटचा. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर प्ले लागला तर स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याकडे, म्हणजे टाय रॉड एंडकडे बघा. शेवटी एक हात पाट्यावर किंवा स्प्रिंगवर टेकवून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते.

टेपर रोलर बेअरिंगचं हब उघडल्यावर ग्रीसच सगळं सांगतं. दुधाळ झालेलं असेल तर पाणी शिरलंय, चकाकणारी कणी असेल तर रोलर झडलेत, काळं पडून जळका वास येत असेल तर बेअरिंग जास्त आवळलेलं होतं. डिझेलने धुऊन पूर्ण सुकवा. रोलरवर किंवा बाहेरच्या रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कडीवर) खड्डे, पापुद्रे, निळसर छटा दिसली तर आतला आणि बाहेरचा भाग जोडीनेच बदला. जुन्या रेसमध्ये नवे रोलर बसवणं ही वाया गेलेली मजुरी. स्पिंडलवर, म्हणजे हब ज्याभोवती फिरतं त्या दांड्यावर, नख फिरवा, कडा लागली तर आतली रेस स्पिंडलवर फिरत होती. तिथे नवं बेअरिंगही टिकणार नाही.

ग्रीस लिथियम बेसचं, बेअरिंगसाठीचं, क्रमांक २ किंवा ३. जुनं आणि नवं मिसळू नका. रोलरच्या रुंद बाजूने दाबून ते आतून वर येईपर्यंत भरा आणि हबच्या पोकळीत तिसरा भाग ते निम्मं पुरे. हब ठासून भरला तर ग्रीस तापून सील फोडतं. नट आवळताना हब सतत फिरवत राहा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सोडा, पुन्हा हाताने आवळा आणि नट फिरू न देणाऱ्या कॉटर पिनसाठी जवळचं भोक सैल बाजूचं धरा. डायल गेज असेल तर प्ले साधारण ०.०३ ते ०.१० मिलिमीटर यावा, मात्र गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तो खरा. टेपर बेअरिंग किंचित सैल चालतं, आवळलेलं जळतं. कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी.

हे सगळं करून दोन्ही बाजूंची बेअरिंगं वर्षाच्या आत पुन्हा गेली, तर वजनकाट्यावर जा. सगळं सामान, भरलेली टाकी आणि माणसं घेऊन आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवा, मग पूर्ण गाडी. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि ती ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवली असेल तर त्यातला मोठा भाग पुढच्या एक्सलवरच येतो. पाटीवर लिहिलेल्या एक्सलच्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त आला तर टाकी मागे हलवणं हाच इलाज.

चाकात डोळ्यांना दिसणारा प्ले, सीलमधून डिस्कवर आलेलं ग्रीस, किंवा घरघरीबरोबर स्टिअरिंगला थरथर, यातलं काहीही असेल तर आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरायचा विचार सोडा, गाडी उचलून न्या. शिमगा-गणपतीत स्पेअर पार्टची दुकानं बंद सापडतात, म्हणून एका बाजूचं आतलं-बाहेरचं बेअरिंग, ऑईल सील, चार कॉटर पिना आणि अर्धा किलो ग्रीस गाडीतच ठेवा. भाग घेताना जुन्या बेअरिंगवर कोरलेला पूर्ण नंबर जुळवा, नुसतं गाडीचं नाव सांगून घेऊ नका. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा आवळा आणि दोन्ही हबचं तापमान पुन्हा एकदा घ्या.