गार लॅपटॉप, तरी वेग ४०० मेगाहर्ट्झ

लॅपटॉप दुरुस्तीला आला तोच निदान घेऊन: "गरम होऊन स्लो पडतो." आधीच्या दुकानात पंखा साफ करून थर्मल पेस्टही बदलून झाली होती. प्रोसेसर आय-५ ८२५०यू. मूळ वेग १.६, टर्बोत (काम वाढलं की तात्पुरता वाढणारा वेग) ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत.

अशा वेळी मी स्क्रूड्रायव्हरच्या आधी एचडब्ल्यूइन्फो हे मशीनमधले सेन्सर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतो. 'सेन्सर्स ओन्ली'वर टिक, रीडिंगचा अवधी २००० वरून १००० मिलिसेकंद, मग तापमान, कोअर क्लॉक (प्रोसेसरचा वेग) आणि पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ती वीज) या ओळींवर डबल क्लिक. प्रत्येकीचा ग्राफ वेगळ्या खिडकीत उघडतो. ते एकाखाली एक लावायचे. नुसत्या तापमानाच्या आकड्यावरून काही कळत नाही.

खरंच तापणारं मशीन लगेच ओळखू येतं: लोड देताच तापमान शंभरीला टेकतं आणि वेग करवतीच्या दात्यांसारखा खालीवर होतो. इथे तापमान ४६ अंशांवर निवांत आणि क्लॉकची रेघ ४०० मेगाहर्ट्झवर आडवी. लोड दिला तरी हलेना. 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स'मध्ये प्रोकहॉटपुढे, म्हणजे 'प्रोसेसर तापलाय, वेग कमी करा' या इशाऱ्यापुढे, 'येस'. प्रोसेसर गार असताना हा इशारा आला, म्हणजे तो बाहेरून, मदरबोर्डकडून आलाय.

ग्राफ चालू ठेवूनच चार्जर काढला. रेघ ताडकन तीन गिगाहर्ट्झच्या वर!

मल्टिमीटरवर चार्जर १९.५ व्होल्ट बरोबर दाखवत होता, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. पण या प्रकारच्या पिनमधली मधली बारीक सुई वीज देतच नाही. चार्जर किती वॅटचा, एवढंच ती मदरबोर्डला कळवते. तिची तार पिनेच्या गळ्याशी तुटली की चार्जर ओळखला जात नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर तळाच्या वेगावर आवळला जातो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अडॅप्टर 'अननोन' होताच.

थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरचा वेग हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'बीडी प्रोकहॉट'ची टिक काढली, म्हणजे बाहेरून येणारा हा इशारा मानणं बंद केलं, तरी वेग परत येतो, आणि काही जण तेवढ्यावर मशीन देऊन टाकतात. मला ते पटत नाही. बोर्डावरचं व्होल्टेज रेग्युलेटर तापल्याचा इशाराही याच वाटेने येऊ शकतो. तोही मग बंद.

नव्या चार्जरवर लोड दिला तेव्हा सुरुवातीला ३.४, मग अर्ध्या मिनिटात वेग अडीचच्या आसपास उतरला. "पुन्हा पडला की!" गिऱ्हाईक म्हणालं. त्याला पॅकेज पॉवरचा ग्राफ दाखवला: बरोबर १५ वॅटवर स्थिर. या प्रोसेसरची सलग चालण्याची मर्यादाच तेवढी आहे.