पहिल्या यादीची रात्र

रात्री पावणेबारा.

शटर अर्धं ओढलंय. घरी सांगितलं, तुम्ही झोपा, मला वेळ लागेल. झोप येणार नाही, म्हणून वही काढली.

तासगावात माझं हे दुकान सतरा वर्षांचं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. दहावी-बारावीचे निकाल, आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, इंजिनिअरिंग, पोलीस भरती, सगळं याच टेबलावर उघडलं. किती जणांचा नंबर लागलेला आणि न लागलेला मी त्यांच्या आधी क्षणभर बघितला असेल, मोजदाद नाही. पान उघडत असतं तेव्हा मी स्क्रीनकडे बघतो आणि ते माझ्या तोंडाकडे. तोंड कसं ठेवायचं, हे मला शिकावं लागलं.

आज माझ्या मुलीची, इंजिनिअरिंग प्रवेशाची पहिली यादी होती.

कॅप राउंड म्हणजे राज्यभराच्या एकत्रित प्रवेशाची फेरी. तिच्या वेळापत्रकात तारीख असते, वेळ नसते. त्यामुळे सकाळी दहापासून फोन. "लागली का यादी?" "नाही अजून." दुपारी चार वाजता तेच, सहाला तेच. गेल्या काही वर्षांत असं झालंय की प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, लॉगिन स्वतःचं आहे, घरबसल्या बघता येतं. तरी लोक इथंच येतात. पूर्वी मला वाटायचं, इंग्रजी वाचायची अडचण असेल. पण चांगली शिकलेली माणसंही येतात, मोबाईल हातात धरून, आणि म्हणतात, "तुम्हीच उघडा." एकट्यानं बघायचं नसतं. एवढंच असतं ते.

मला हे कळतं, कारण १९९६ ला दहावीनंतर मी आयटीआयची यादी बघायला गेलो होतो. तारेच्या जाळीआड टाइप केलेले कागद, पुढं पाच-पन्नास पोरांची रेटारेटी. माझं नाव नव्हतं. शेजारी एक अनोळखी पोरगा उभा होता, त्याचंही नव्हतं. आम्ही दोघं एसटी स्टँडवर गेलो आणि एक चहा दोघांत घेतला. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशीचं ऊन आठवतं आणि तो पोरगा आठवतो.

दुकानात एक फुलस्केप वही आहे. तिच्यात प्रत्येक मुलाचा अर्ज क्रमांक आणि पासवर्ड असतो. असं लिहून ठेवू नये, हे मलाही कळतं. पण पासवर्ड विसरला की पालक आधी इथं धावत येतात. सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी माझ्या मुलीनं वहीतली तिची ओळ खोडली आणि पासवर्ड बदलला. म्हणाली, "पप्पा, माझं मी आधी बघणार." मला बरं वाटलं आणि जरा लागलंही.

तिला ९६ पॉइंट काहीतरी पर्सेंटाइल. पॉइंटापुढचे सातही आकडे तिला पाठ आहेत, आणि तिच्या आईलाही. दरवर्षी मी पालकांना सांगतो की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९६ म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण ९६ तुमच्या मागं. तीन-चार टक्के पुढं आहेत, ती पोरं मात्र हजारोंनी असतात, आणि पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटरच्या जागा त्यांच्यातच संपतात. हे दुसऱ्याला सांगताना सोपं जातं.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीची यादी, तिनं स्वतः भरला. ३०० पर्यंत पर्याय देता येतात. तिनं ६४ दिले. पहिले दहा पुण्या-मुंबईचे, पुण्याचं सीओईपी सगळ्यात वर, मुंबईचं व्हीजेटीआय त्याखाली. सांगलीचं वालचंद अकरापासून पुढं. मी म्हणालो, वालचंद वर घे की जरा. तिनं मलाच शिकवलं, जे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो: क्रम आवडीचा लावायचा, कटऑफचा नाही. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो आणि तुमच्या गुणांना मिळणारी सगळ्यात वरची जागा देतो. अवघड कॉलेज वर ठेवल्यानं खालचं हातचं जात नाही. जाते ती फक्त मनाची तयारी, असं मी मनात म्हणालो.

आज ती साडेसहाला दुकानात आली. गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसली. माझ्या खुर्चीच्या या बाजूला ये म्हटलं, तर नको म्हणाली.

सातच्या सुमारास तो मुलगा आला. मणेराजुरीकडचा. कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून आला होता, पायाला चिखल. त्याची आई बेदाणा निवडायला जाते. ऑप्शन भरायच्या शेवटच्या दिवशी दोघं आले होते. दुकानात गर्दी, त्यांची शेवटची एसटी चुकत होती. त्याला ८८ च्या आसपास आणि यादीत सात पर्याय, सगळे कॉम्प्युटर आणि आयटी, सगळी मोठी कॉलेजं. मी म्हणालो, "अजून भरू या रे." आई म्हणाली, "दादा, गाडी जाईल ओ." आणि मी सातवरच फॉर्म कन्फर्म केला. त्या वेळी माझ्या मागं सहाजण उभे होते. मागं किती उभे आहेत हे बघायला नको होतं.

दोघं शेजारी बसून होती. हिनं त्याला विचारलं, तुझा पेपर कुठल्या शिफ्टला होता. मग बोलणं सुरू झालं. गणिताच्या ५० प्रश्नांना दोन-दोन गुण, तिथंच पोरं मागं पडतात, वगैरे. मी ऐकत होतो आणि दर पाच मिनिटांनी पान ताजं करत होतो. जुनीच सूचना. परत जुनीच. पावसानं दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू ठेवला. हिची आई डबा घेऊन आली, तिघांनी मिळून खाल्ला. त्या पोरानं आधी नको-नको केलं आणि मग तीन भाकरी खाल्ल्या. बरं वाटलं.

लिंक उघडली तेव्हा मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. हिनंच ओरडून सांगितलं, "आली!" आणि लगेच म्हणाली, "पप्पा, याचं आधी."

वहीतून नंबर बघून टाकला. कॅप्चा चुकला, परत टाकला. गोल चक्र फिरत राहिलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, सगळे बघतात तसाच. मी सतरा वर्षांत शिकलेलं सगळं तोंड त्या वेळी उपयोगी पडलं नाही. या फेरीत जागा नाही, असं एका ओळीत लिहिलेलं होतं.

तो म्हणाला, "बरं." फक्त "बरं".

मी घाईघाईनं सांगू लागलो. यंदा चार राउंड आहेत, ही पहिलीच फेरी. पुढच्या फेरीआधी पर्याय नव्यानं भरता येतात. लोक वरच्या जागा घेतात आणि खालच्या सोडतात, यादी हलते. सगळं खरंच सांगत होतो, पण आवाज माझा मलाच उसना वाटत होता.

हिनं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला होता. त्याच्यासमोर तिला उघडायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी तोच म्हणाला, "तुझं बघ की."

पर्याय क्रमांक अकरा. वालचंद, सांगली. इलेक्ट्रिकल.

ती काहीच बोलली नाही. पुणे डोक्यात होतं, ते उतरायला वेळ लागणारच. आईनं हात जोडले. आणि तो पोरगा उठून उभा राहिला, म्हणाला, "वालचंद! लय भारी की ग!" तिचं पहिलं अभिनंदन त्यानं केलं. स्वतःचं पान अजून माझ्या स्क्रीनवर तसंच उघडं होतं.

विश्रामबागचं ते कॉलेज १९४७ चं. लहानपणी सांगलीला जाताना वडील बसच्या खिडकीतून दाखवायचे. मला ती तिथंच लागावी असं पहिल्यापासून वाटत होतं, हे इथं लिहून ठेवतो. घरापासून पंचवीस किलोमीटर, रात्री जेवायला घरी. शिवाय २०२४ च्या जुलैतल्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आमच्यासारख्या ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. त्या माफीत पुण्याचा खोलीभाडं-मेसचा खर्च बसत नाही. हे सगळं माझं गणित. तिचं गणित वेगळं आहे.

पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला असता तर तो आपोआप पक्का झाला असता, विचारायचं काही राहिलं नसतं. तिच्यापुढं आता दोन वाटा आहेत. एक हजार भरून हीच जागा पक्की करायची, किंवा हजार भरून बेटरमेंटला जायचं. वरचं काही मिळालं तर ही जागा जाते, न मिळालं तर हीच राहते. तिनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "तुझ्या मनात पुणं असेल तर बेटरमेंट घे." हे एवढं वाक्य म्हणायला मला जड गेलं. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. उद्या सांगते म्हणाली.

त्या पोराला मोटारसायकलवर मी सोडून आलो. पाऊस थांबला होता. त्याची आई दारातच उभी होती. तिनं विचारायच्या आधी मीच सांगितलं, की पर्याय कमी भरले गेले, ती चूक माझी. ती म्हणाली, "दादा, तुमची कसली चूक, गाडीची घाई आमचीच होती." मी "नाही" म्हणालो. तिनं परत तेच म्हटलं. शेवटी पाणी पिऊन निघालो.

येऊन परत मशीन लावलं. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडून बसलोय. तिच्यातल्या कोडमध्ये जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुली, शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी. आपलं शिवाजी विद्यापीठ. ८८ ला काय-काय मिळत होतं ते पेन्सिलनं उतरवतोय. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागातली कॉलेजं, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, सिव्हिल. आत्तापर्यंत ४३ झालेत. त्यातले त्याला कुठले हवेत, कुठल्या क्रमानं हवेत, ते तो ठरवेल.

पर्याय भरायची खिडकी उघडली की त्याला सकाळी नऊला बोलवायचं आहे, दुकान उघडायच्या आधी, म्हणजे मागं कुणी उभं नसेल.