आमची वाटचाल : कडक भाकरी, शेंगा चटणी आणि एक लोखंडी कपाट

आमच्या कारखान्यात एक लोखंडी कपाट आहे. कारखाना म्हणजे काय तर सोलापुरात दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं शेड, त्यात सहा शेगड्या. कपाटाच्या वरच्या कप्प्यात लेबलं, पावतीबुकं असतात आणि खालच्या कप्प्यात बायकांची पाकिटं. त्या खालच्या कप्प्याची चावी माझ्या गळ्यात असते. लोक विचारतात धंदा कसा वाढला, तर मला आधी ते कपाटच आठवतं.

मी 2011 ला सासर सोडलं. सोडलं म्हणजे पळाले असंच म्हणा, रात्री, चार वर्षांचं पोरगं कडेवर आणि अंगावरचं लुगडं. आई आधी म्हणाली दिल्या घरी नांदायचं असतं गं, मग माझी पाठ बघितली आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिनंच तवा पुढं सरकवला, म्हणाली तुझ्या हाताला भाकरी येते ना, मग रडत कशाला बसतीस. पहिल्या आठवड्यात शेजारच्या दोन घरी भाकऱ्या दिल्या, 2012 ला कडक भाकरी सुरू केली कारण ती टिकते, पुण्या-मुंबईला जाते, रोजच्या रोज गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. ज्वारी मालदांडीच आणि पीठ ताजंच पाहिजे, शिळ्या पिठाला विरी म्हणजे चिकटपणा राहत नाही, थापताना कडा चिरतात. मीठ, तीळ, गरम पाण्यात मळायचं, पातळ थापायची, भाजून झाली की मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत ठेवायची. शेंगा चटणी आई उखळात कुटायची, मिक्सरला तेल सुटत नाही तसं, हे अजूनही आम्ही पाळतो. मग फूड लायसन, म्हणजे छोट्यांचं ते वर्षाला शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन, उद्यम नोंदणी वगैरे झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं हे की मी घर सोडलं तेव्हा घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा लागू होऊन पाच वर्षं होत आली होती (26 ऑक्टोबर 2006 पासून आहे) आणि मला एका माणसानं त्याबद्दल सांगितलं नव्हतं. मला वाटायचं एक तर मार खायचा नाही तर घटस्फोट. घटस्फोट न मागताही संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरात राहायचा हक्क मागता येतो, स्त्रीधन परत मागता येतं, संरक्षण अधिकारी नावाचा माणूस असतो, हे सगळं मला नंतर कळलं, तेही दुसऱ्या एका बाईसाठी धावपळ करताना. आणि माझी दहावीची मार्कशीट तिकडंच राहिली होती. डुप्लिकेट काढायला किती हेलपाटे घातले मलाच माहीत.

म्हणून ते कपाट. भाकरी थापायला येणाऱ्या बायकांना मी एवढंच म्हणायचे, की आधारची झेरॉक्स, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो, दवाखान्याचे कागद इथं ठेवा, घरी पाऊस गळतो म्हणून सांगा. सगळ्या हसायच्या. महिन्याभरात सात पाकिटं झाली.

पगाराचा घोळ वेगळाच. 2014 नंतर सगळ्यांची जनधन खाती निघाली, मला वाटलं आता बरं झालं, मजुरी थेट खात्यात टाकू. तर एक जण शनिवारी येऊन म्हणते ताई हातात द्या. का? तर खात्याला मोबाईल नंबर नवऱ्याचा, पैसे पडले की मेसेज त्याला, एटीएम त्याच्या खिशात. खातं बाईचं, पैसा त्याचा! मग बँकेत जाऊन नंबर बदलायचा तर तेही घरी कळणार. शेवटी काहींची पोस्टात वेगळी पासबुकं काढली, ती पण कपाटात. घरी सांगायचं की हंगाम मंदा आहे, मजुरी कमी झाली. खोटं बोलायला लावते म्हणून मला कुणी नावं ठेवली तरी चालेल.

एक चूक मात्र माझी. सुरुवातीच्या काळात एक बाई सुजलेला डोळा घेऊन आली, मी तावातावात तिला घेऊन थेट पोलिसात गेले, तिला विचारलंच नाही की तुला यायचंय का. तिथं दोन तास बसवलं आणि म्हणाले घरचा मामला आहे, बसून मिटवा. संध्याकाळी ती घरी गेली आणि त्यानं पोलिसात गेल्याचा राग काढला. चार महिने कामाला आली नाही. तेव्हापासून मी कुणालाच "सोड त्याला" म्हणत नाही, फक्त विचारते, कागद कुठंयत, पैसे किती साठलेत, रात्री जायचं झालं तर कुणाकडं जाशील. बायकांच्या मदतीचा 181 नंबर पाठ आहे का. तीच बाई दीड वर्षानं स्वतःहून म्हणाली ताई आता. त्यावेळी आम्ही आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो, तिथं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. त्या 2005 च्या कायद्यात लिहिलंय पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, प्रत्यक्षात तिला वर्षाच्या वर लागलं, पण तोपर्यंत पोस्टात पैसे होते, खोलीचं भाडं निघत होतं, म्हणून ती टिकली. मधल्या काळात तिला कुणी "घरी ये, पोरं रडतायत" म्हणून निरोप पाठवला नाही असं नाही, दोनदा गेली पण. परत आली.

लॉकडाऊनमध्ये मार्च 2020 ला शेगड्या बंद. बायका घरात, नवरे पण घरात, दारूची दुकानं बंद म्हणून चिडलेले. फोनवर बोलायची सोय नाही. मग आमचं ठरलं, कुणी फोन करून म्हणालं की "ताई, पिठाला विरी नाही," तर समजायचं की अडचण आहे, मी उलटा फोन करायचा आणि ऑर्डरीच्या नावाखाली बोलत राहायचं. अकरा जणींपैकी तिघींनी ते वाक्य वापरलं. एकीला पोलिसांना फोन करून बाहेर काढावं लागलं, ती आता आमच्याकडं पॅकिंग बघते आणि माझ्यापेक्षा कडक आहे, तुटकी भाकरी पाकिटात गेली की ओरडते.

आता चौदा जणी आहेत. सगळ्यांचं घर वाईट आहे असं मुळीच नाही, काहींचे नवरे टेम्पोत माल भरून देतात, चहा करून देतात. काही जणी मार खाऊनही घरी आहेत, त्यांचा हिशोब त्यांना माहीत. 498-अ, म्हणजे नवऱ्यानं नाही तर सासरच्यांनी छळ केला तर लागायचं ते कलम, आता नव्या कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, कलम 85 झालंय हे मात्र आमच्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे, भाकरी थापता थापता कुणीतरी पेपर वाचतंच.

कपाटात सध्या पाच पाकिटं. त्यातलं एक तीन वर्षांपासून पडून आहे, रेशनकार्डाची झेरॉक्स, लेकीचा जन्मदाखला आणि वाढत वाढत आता सहा हजार दोनशे. ती अधूनमधून एखाद्या शनिवारी दोनशे रुपये टाकते, पाकीट हातात घेते, मोजते, परत ठेवते आणि म्हणते, राहू दे ताई अजून.